वसईचे धर्मग्राम

अजिंठ्यात वाढलेल्या माणसाला संघ या शब्दाचा पहिला परिचय दगडात होतो. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर उपासनेचे चैत्य आणि भिक्षूंच्या निवासाचे विहार एकमेकांच्या शेजाराने कोरलेले आहेत, सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याच्या दानाचा लेख आहे, शिल्प आहे, रंग आहे. नाही तो फक्त संघ. वसईच्या किल्ल्यात मी याच्या नेमके उलट पाहिले. तेथल्या चर्चांची छपरे केव्हाच कोसळली, भिंतींत झाडे रुजली, आणि ज्या समाजासाठी हा पसारा मांडला गेला तो किल्ल्याबाहेरच्या वाड्यांतून दर रविवारी नेमाने मिस्सेला जात असतो.

मराठी कॅथलिकांनी 'पॅरिश' या शब्दाला धर्मग्राम असे नाव रूढ केले आहे, आणि त्यातला ग्राम मला फार समर्पक वाटतो. धर्मग्रामाला महसुली गावासारखी शीव असते. त्या शिवेच्या आतल्या कॅथलिक कुटुंबांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने त्या चर्चच्या दप्तरी नोंदली जातात. बिशपांनी नेमलेला प्रमुख धर्मगुरू काही वर्षांनी बदलून दुसरीकडे जातो, म्हणजे तो झाला बदलीचा अंमलदार, आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट सांभाळणारे वतनदार म्हणावेत तर ते गावचे लोकच. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. आमच्याकडे औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला; वसईचा त्याहूनही अलीकडे, १९९८ च्या मे महिन्यात, मुंबईपासून वेगळा निघाला, आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. पण धर्मप्रांत कालचा असला तरी त्यातले जुने धर्मग्राम सोळाव्या शतकापासूनचे आहेत.

१५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढच्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संघांचे मठ येथे उभे राहिले आणि आसपासची रयत ख्रिस्ती झाली. कोणी श्रद्धेने, कोणी सवलतीच्या आशेने, कोणी सत्तेच्या धाकाने, हे आज आडपडदा न ठेवता सांगायला हरकत नसावी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. विजयाची खूण म्हणून चर्चांच्या घंटा देशावर गेल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली १७२१ सालची घंटा प्रसिद्धच आहे, आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी १७०७ सालची आहे तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आजही दिसते. परक्या धर्माची म्हणून ती कोणी वितळवली नाही, ही गोष्ट मला त्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

तहात थोडी चर्चे ख्रिस्त्यांकडे ठेवण्याचे कलम होते, पण राजाश्रय गेला तो गेलाच. धर्म सोडण्यास आता आडकाठी नव्हती, काहींनी सोडलाही. बहुसंख्यांनी सोडला नाही, आणि ज्याला बळजबरीचे फळ म्हणावे ते बळ ओसरल्यावरही झाडावर टिकून राहिले, या कोड्याचे उत्तर इतिहासकारांनी चर्चपेक्षा वाडीत शोधावे असे मला वाटते. येथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज 'कोम्पाद्र'पासून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जुळणाऱ्या मानलेल्या नात्यापासून आला असे मानतात. त्यांची कादोडी बोली मात्र सामवेदी ब्राह्मणांच्याही घरात बोलली जाते. केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले यांवर, बावखलांच्या, म्हणजे वाड्यांतल्या लहान तळ्यांच्या, गोड्या पाण्यावर हा संसार चालला. निर्मळला शंकराचार्यांचे मंदिर आणि चर्च एकाच गावात आहेत, आणि कार्तिकातली यात्रा साऱ्या परिसराची असते.

विसाव्या शतकात धर्मग्रामाने आपले कार्य कशाला म्हणावे याचा विस्तार केला, आणि तो धर्मोपदेशाने न करता हिशेबाच्या वहीने केला. बागायतदाराच्या मानेवर सावकाराचे जोखड होते. गहाण पडलेली वाडी सुटणे दुरापास्त. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली. तीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय पापडीला आहे. प्रवचनात व्याजाचा निषेध करणारे पुष्कळ. कमी व्याजाने कर्ज देण्याची सोय करणारे थोडे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी आली, आणि येथल्या भक्ताला आपल्या देवाशी अखेर आपल्या भाषेत बोलता आले. त्या भाषेचे मोठे ऋण नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी फेडले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि वसईच्या वाड्यांवर इमारतींचे व टँकरवाल्यांचे संकट आले तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे उभे राहिले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवायला ते आमच्या मराठवाड्यात आले, तेही पाठीच्या दुखण्याने जर्जर होऊन. २०२४ च्या जुलैत ते गेले.

आता वसई हे मुंबईचे उपनगर आहे. स्टेशनाकडच्या धर्मग्रामांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहतात, आणि ज्या चर्चला पूर्वी आळीआळीचे घर माहीत होते त्याला आता मजला आणि सदनिकेचा क्रमांक विचारावा लागतो.

मागच्या खेपेस एका स्नेह्याकडे उतरलो होतो. मिस्सा आटोपून आम्ही परतलो तेव्हा त्याची आजी, लाल लुगड्यात, ओट्यावर सुकेळी बांधत होती: राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून मधासारख्या रंगावर आणलेली, केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळलेली. "राजेळी आता कोण लावतो? पोरं सकाळच्या लोकलने जातात ती रात्री येतात," ती म्हणाली, आणि एक पुडके माझ्या हाती दिले.

"अजिंठ्यापर्यंत टिकतील ना, आजी?" मी विचारले.

"महिनाभर टिकतील," ती म्हणाली, "तुम्ही टिकू दिलीत तर."