समजून घ्या : किती दगावल्या नव्हे, किती काळ जगल्या! बार्शीच्या कर्करोग अभ्यासामागचे गणित सॉफ्टवेअर कसे सोडवते?

एचपीव्ही तपासणीच्या गटातील सुमारे ३४ हजार महिलांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १२७ रुग्ण आढळले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार महिलांमध्ये ११८. मग तपासणीचा फायदा काय झाला? मृत्यू मोजले की चित्र पालटते : पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४. हा फरक खरा की योगायोगाचा, हे ‘सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस’ म्हणजेच जीवितकाल विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर सांगते.

अभ्यास नेमका काय होता?

बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला त्यात होत्या. गावांचे ५२ समूह चिठ्ठी टाकावी तसे चार गटांत विभागले गेले. तीन गटांना एचपीव्ही, पॅप आणि अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी यांपैकी एकेक तपासणी मिळाली; चौथा तुलनेसाठी ठेवला गेला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

साधी टक्केवारी का चालत नाही?

समजा, १० रुग्ण महिला आहेत. पहिल्या वर्षी एक दगावली. दुसऱ्या वर्षी तिघी गाव सोडून गेल्या, संपर्क तुटला. तिसऱ्या वर्षी आणखी एक दगावली. तीन वर्षे जगण्याचे प्रमाण किती?

त्या तिघींना जिवंत धरले तर ८० टक्के. त्यांना यादीतून वगळले तर ७१ टक्के. दोन्ही उत्तरे चुकीची, कारण त्या किमान एक वर्ष जिवंत होत्या एवढे नक्की माहीत आहे, पुढचे नाही. अशा अर्धवट नोंदीला ‘सेन्सॉरिंग’ म्हणतात.

१९५८ मध्ये कॅप्लान आणि मायर यांनी मांडलेली पद्धत टप्प्याटप्प्याने जाते. पहिल्या वर्षी १० पैकी ९ वाचल्या. तिसऱ्या वर्षी उरलेल्या ६ पैकी ५. दोन्हींचा गुणाकार केला की उत्तर येते ७५ टक्के.

दोन गटांची तुलना कशी होते?

त्यासाठी ‘लॉग-रँक’ चाचणी आहे. प्रत्येक मृत्यूच्या वेळी सॉफ्टवेअर विचारते : दोन्ही गट सारखेच असते तर कोणत्या गटात किती मृत्यू अपेक्षित होते? अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत जितकी मोठी, तितकी योगायोगाची शक्यता कमी.

फरक किती, हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांच्या १९७२ च्या पद्धतीने काढता येते. त्यातून ‘हॅझार्ड रेशो’ म्हणजे धोक्याचे गुणोत्तर मिळते. एचपीव्ही गटात मृत्यूसाठी ते ०.५२ आले, म्हणजे धोका जवळपास निम्मा. अंदाजाची मर्यादा ०.३३ ते ०.८३ होती. वरचे टोकही एकच्या खाली असल्याने फरक योगायोगाचा असण्याची शक्यता फार कमी. पुढच्या टप्प्यात पोहोचलेले रुग्णही ८२ विरुद्ध ३९ असे कमी होते. उरलेल्या दोन तपासण्यांच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये तशी ठोस घट दिसली नाही.

हे सॉफ्टवेअर महाग असते का?

‘एसएएस’, ‘स्टाटा’, ‘एसपीएसएस’ यांना परवाना लागतो. ‘आर’ ही प्रणाली मात्र मोफत आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे टेरी थर्नो यांनी लिहिलेले तिचे ‘सर्व्हायव्हल’ पॅकेज साध्या लॅपटॉपवर चालते. त्याला मुख्यतः चार रकाने लागतात : सुरुवातीची तारीख, शेवटची माहिती मिळाल्याची तारीख, त्या दिवशीची स्थिती आणि गट.

चूक कुठे होऊ शकते?

एकाच गावातल्या महिलांची परिस्थिती बरीच सारखी असते. म्हणून विभागणी गावांची झाली असेल तर तसे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. नाहीतर ते गरजेपेक्षा जास्त ठाम उत्तर देते. निदानापासून दिवस मोजले तरी फसगत होते : रोग लवकर सापडला की आयुष्य न वाढताही ते वाढल्यासारखे दिसते. म्हणून इथे गटातील सगळ्याच महिलांमधले मृत्यू मोजले गेले. एक प्रश्न मात्र सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचा होता. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला.

खरी मेहनत कोणाची?

‘शेवटची माहिती’ हा रकाना संगणक भरत नाही. बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगावी जाऊन कर्मचारी रुग्ण आणि मृत्यूंची माहिती घेत. अशी नोंद नसेल, तर कितीही चांगले सॉफ्टवेअर निरुपयोगी.

वाचकांसाठी याचा अर्थ काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही-डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली. सर्वसाधारण महिलांनी ती वयाच्या तिशीपासून करावी, असा सल्ला आहे. त्याआधीच धाराशिवच्या गावांमधून या तपासणीच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला होता.