गच्चीवरून दिसणारा हायवे

दिवाळीला भंडाऱ्याला घरी गेलात ना, की जेवण झाल्यावर मोबाइल खाली ठेवून गच्चीवर जा. डोक्यावरून लुकलुकत जाणारे दिवे म्हणजे मुंबई-कोलकाता हायवेच! एक दिवा पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. वाटतं, आता ठोकणार. पण पूर्वेकडचं विमान विषम हजारांवर उडतं, समजा ३५,००० फुटांवर, आणि पश्चिमेकडचं सम, म्हणजे ३६,००० वर. मधे फक्त हजार फूट.

हे हजार फूट मोडले की काय होतं, ते १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीत उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. ते आणखी खाली आलं आणि १४,००० वरच्या सौदी जंबोला धडकलं. ३४९ जण गेले. त्यानंतर भारतात प्रवासी विमानांना 'टीकॅस' सक्तीचं झालं. हे यंत्र समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरशी बोलतं आणि एकाला 'वर जा', दुसऱ्याला 'खाली जा' सांगतं.

पण समोरचा मुकाच असेल तर? १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ भरदिवसा एक छोटं पायपर विमान डीसी-९ ला धडकलं. पायपरचा ट्रान्सपाँडर उंची सांगतच नव्हता. जमिनीवरच्या १५ जणांसकट ८२ बळी.

रात्री दिवे लांबून दिसतात, मग सोपं असेल, असं मलाही वाटायचं. साफ चूक! दिवा दिसतो, अंतर कळत नाही. खाली शहर असेल तर तो त्या झगमगाटात हरवतो. आणि काचेत सरकणारा दिवा निघून जातो. जागचा हलत नाही, तोच अंगावर येत असतो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये लष्करी हेलिकॉप्टरने 'विमान दिसतंय' असं कळवलं होतं. तरी टक्कर झाली, ६७ जण गेले. जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली टीकॅस 'वर-खाली जा' असा आदेश देतच नाही, आणि ही टक्कर त्याहून खूप खाली झाली.

आता आपल्या शेजारचं बिरसी विमानतळ घ्या. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तोवर हे भंडाऱ्यातच होतं. इथे शिकाऊ पायलट छोटी विमानं उडवतात, आणि २०२२ मध्ये त्याच रनवेवर प्रवासी फ्लाइटही सुरू झाली. त्यामुळे इथे उतरताना विमानाने एखादी जादा चक्कर मारली, तर मी आता घड्याळ बघत नाही. कमर्शियल लायसन्ससाठी प्रत्येक शिकाऊ पायलटला किमान पाच तास रात्री उडावं लागतं, दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंगसह.