बादलीभर ऊन पाणी आणि दुखणारा गुडघा

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी आजचं बोलणं इथं लिहून ठेवतोय.

तासगावात द्राक्षाची छाटणी मान वर करून करायची, महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी वाकून तोडायची. एकीकडं खांदे भरून येतात, दुसरीकडं कंबर धरते. दोन्हीकडं घरी आल्यावर उपाय एकच, बंबातलं ऊनऊन पाणी. त्यानं बरं का वाटतं?

ऊब लागली की रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. आणखी एक गंमत आहे. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर जणू एक फाटक असतं. दुसरी संवेदना तिथं पोचली की दुखण्याची खबर थोडी अडते. डोकं आपटलं की आपण चोळतो ना, तसंच.

पण एक लक्षात घ्या. तीन महिन्यांहून जुनं दुखणं पाण्यानं बरं होत नाही, सांध्याची झीज भरून येत नाही. पाणी आपल्याला थोडा वेळ मोकळा करून देतं, बस्स. आणि आपण काय करतो? अंघोळ करून गोधडीत शिरतो! त्याऐवजी खुर्चीत बसा, एक पाय सरळ करा, पाचपर्यंत मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. खरा फायदा या हालचालीचा आहे.

टब नाही म्हणून अडत नाही. जत-आटपाडीत किंवा माण-खटावात टबभर पाणी ओतायची चैन कुणाला परवडते? पाय बुडतील एवढी बादली घ्या, गुडघ्यावर किंवा कंबरेवर ऊन पाण्यात पिळलेला पंचा ठेवा. 15-20 मिनिटं पुरे. साधं पाणी 25 अंशांच्या आसपास असेल, तर त्याचे चार तांबे आणि उकळत्याचा एक, म्हणजे साधारण 40 अंश. आधी साधं ओता, मग उकळतं. निरगुडीचा पाला टाकायचा तर टाका, पण मुख्य काम उबेचं आहे.

आता महत्त्वाचं. माझ्या आत्याला मधुमेह आहे, पाय बधिर झालेत. पाणी तिला कोमटच लागलं. दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड! म्हणून अशा माणसाच्या पाण्यात आधी घरातल्या दुसऱ्यानं कोपर बुडवून बघायचं. हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारूनच. ताजा मार लागून सूज असेल, तर ऊन पाणी नको.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हवा खेळती हवीच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. पाण्यात रॉड असेल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही.

आणि दुखण्याबरोबर पाय लुळा पडत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर बादली बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

आज घरी आईला किंवा आज्जीला विचारा, नेमकं कुठं दुखतंय. पाणी तुम्ही काढून द्या, आणि नंतरचे दहा व्यायाम तिच्याबरोबर बसून करा. भेटू पुढच्या भागात!