लाओसच्या तिजोरीचे कारभारी : नुहाक फुमसावन

लाओसच्या क्रांतीचा विषय निघाला की राजपुत्र सुफानुवोंग आणि कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस कायसोन फोमविहान ही दोन नावं आधी येतात. नुहाक फुमसावन मागेच राहतात. पण नव्या राजवटीची पहिली सात वर्षं देशाची तिजोरी याच माणसाच्या हाती होती.

शेतकरी घरातले नुहाक तरुणपणी सवन्नाखेतहून व्हिएतनामकडे मालवाहतुकीचा धंदा करत. पुढे व्हिएतनामी कम्युनिस्टांशी नातं जुळलं. 1950 च्या फ्रेंचविरोधी प्रतिकार सरकारात ते अर्थमंत्री झाले आणि 1954 मध्ये व्हिएत मिन्ह या व्हिएतनामी आघाडीच्या शिष्टमंडळासोबत जिनिव्हाच्या शांतता परिषदेला गेले. 1959 मध्ये राजेशाही सरकारने त्यांना अटक केली, पण पुढच्या मे महिन्यात सुफानुवोंग व इतर साथीदारांबरोबर ते पहारेकऱ्यांनाच फितवून निसटले. अमेरिकी बॉम्बवर्षावाची वर्षं ईशान्य लाओसमधल्या वियंगसायच्या गुहांमध्ये गेली.

खरी कसोटी डिसेंबर 1975 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर लागली. नुहाक उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री. अमेरिकेची मदत आटलेली, थायलंडने सीमा अडवलेली, शिकलेसवरलेले लोक मेकाँग ओलांडून पळालेले. 1977 ला दुष्काळ, 1978 ला पूर. अशा दिवसांत सरकारने सामूहिक शेतीची सक्ती आणली! शेतकऱ्यांनी गुरं कापली, काहींनी गाव सोडलं. 1979 च्या मध्यावर मोहीम थांबवली गेली आणि वर्षअखेरीस खाजगी व्यापारालाही वाट मिळाली. इतक्या लवकर पाऊल मागे घेणारी कम्युनिस्ट सरकारं थोडीच. याचं मोठं श्रेय कायसोन यांचं. पण नुहाक पक्षात त्यांच्या खालोखाल होते, त्यामुळे चुकीतही आणि दुरुस्तीतही त्यांचा वाटा धरावाच लागतो. 1986 मध्ये ‘नवी आर्थिक यंत्रणा’ आली, ती याच वाटेवरची.

कायसोन गेल्यावर नोव्हेंबर 1992 मध्ये नुहाक राष्ट्राध्यक्ष झाले. 1994 मध्ये मेकाँगवरचा मैत्री पूल खुला झाला, 1997 मध्ये देश आसियानमध्ये गेला. बाजार उघडला, राजकारण नाही. बहुपक्षीय लोकशाही मागणाऱ्या तीन माजी अधिकाऱ्यांना, नुहाक राष्ट्राध्यक्ष झाले त्याच नोव्हेंबर 1992 मध्ये, चौदा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांतले एक, लात्सामी खाम्फुई, स्वतः नियोजन खात्यात उपमंत्री राहिलेले. नुहाक यांनी पद सोडलं त्याच 1998 साली त्यांतले दुसरे, थोंगसुक सायसांगखी, कैदेत वारले. उरलेले दोघे 2004 मध्ये, अटकेपासूनची पूर्ण चौदा वर्षं भोगूनच सुटले.