वीज तोडण्यापूर्वीचे पंधरा दिवस

वीज तोडावयाची तर पूर्वी वायरमनला दारात यावे लागे. त्याला पावती दाखविता येई, क्वचित दोन दिवसांची सवलतही पदरात पडे. नव्या स्मार्ट मीटरला या भेटीची गरज नाही. दूरच्या कार्यालयातून संगणकाची आज्ञा सुटली की घरात अंधार.

वस्तुतः २००३ च्या विद्युत कायद्याने ग्राहकाला येथे मोठे संरक्षण दिले आहे. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. प्रीपेड पद्धतीत थकबाकीच संभवत नाही, जमा रक्कम संपली की पुरवठा थांबला, मग नोटीस कसली, असा युक्तिवाद केला जातो. तो बिनतोड वाटेल. पण ती मुदत होती कशासाठी? महिनाअखेरीस हात आखडलेल्या कारकुनासाठी, चुकीच्या आकारणीविरुद्ध दाद मागणाऱ्या निवृत्त शिक्षकासाठी. मीटर बदलल्याने त्यांची अडचण बदलत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४७ मध्ये प्रीपेड मीटरचा उल्लेख आहे, तो अशा ग्राहकाकडून अनामत न मागण्यापुरता. एवढ्या तुटपुंज्या आधारावर २५ कोटी मीटरांची योजना उभी राहिली!

ही योजना केंद्राची, जुलै २०२१ मधील. बहुतेक राज्यांना मीटरच्या खर्चाच्या १५ टक्के, तेही ९०० रुपयांच्या मर्यादेत, अनुदान. आणि अट अशी की मीटर प्रीपेडच हवा. वीज हा समवर्ती सूचीतील विषय. तरीही विधिमंडळांत चर्चून ठरवावयाची गोष्ट अनुदानाच्या अटीने ठरविली. त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटलेच. सामान्य ग्राहकांकडे हे मीटर बसविणार नाही, असे राज्य सरकारला जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. पुढे स्मार्ट मीटरच ‘टीओडी’ या नावाने, देयक मागाहून भरण्याच्या सोयीसह, घरोघरी येऊ लागले. नाव बदलून शंका फिटत नाहीत.

याचा अर्थ यंत्र वाईट असा नव्हे. गळती कोठे होते हे त्याने कळते, सूर्यप्रकाशाच्या वेळी दर स्वस्त ठेवता येतो. नेदरलँड्सलाही हे लाभ ठाऊक होते. परंतु २००९ मध्ये तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीचे विधेयक अडविले. घरात माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर असतात, हे मीटरच्या नोंदींवरून उघड होईल, हा मुख्य आक्षेप होता. नंतर मीटर नाकारण्याची मुभा देऊन कायदा झाला.

आपल्याकडे राज्य वीज नियामक आयोगाला पुरवठा संहिता करण्याचा अधिकार आहे. शिल्लक संपल्यावर किती दिवस वीज चालू राहील, रात्री व सुट्टीच्या दिवशी ती तोडता येईल काय, नोंदी कोणास दाखविल्या जातील, हे त्या संहितेत जाहीर सुनावणी घेऊन लिहावे. प्रीपेडची कळ त्यानंतर दाबावी.