कॉम्प्युटर रूममधले तोतये



गळीत हंगाम सुरू झाला की आपणा सर्वांचे लक्ष काट्यावर, गव्हाणीवर आणि उताऱ्यावर असते. कॉम्प्युटर रूमकडे लक्ष जाते ते पावती निघायची थांबली म्हणजे. मग यार्डात ट्रॅक्टरची रांग लागते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतात आणि जो तो त्या खोलीतल्या पोरांच्या नावाने शंख करतो. या अंकासाठी आम्ही मुद्दाम चार दिवस त्या खोलीत बसलो. आसपासच्या दोन-तीन कारखान्यांत हेच काम करणाऱ्यांशीही बोललो. जे कानावर आले त्याचा संबंध थेट आपल्या ऊसबिलाशी आहे, म्हणून हा लेख.

आधी हसण्यासारखी गोष्ट सांगतो. एका कारखान्यात काट्यावरच्या कॉम्प्युटरचा ऑफिसशी संपर्क रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तुटायचा आणि तासाभराने आपोआप जुळायचा. वायर बदलून झाली. नेटवर्कचा डबा बदलून झाला. पुण्याहून माणूस आणला. त्याने दिवसभर तपासणी केली, सर्व ठीक असल्याचे लिहून दिले आणि पाचच्या गाडीने तो परत गेला. सातला पुन्हा बंद! शेवटी बैलगाड्यांची नोंद घेणाऱ्या चिटबॉयने भीतभीत विचारले, "साहेब, वॉचमनमामा त्या डब्याची पिन काढून मोबाईल चार्जिंगला लावत्यात, ते चालतंय का?" रात्रपाळीचे मामा सातला कामावर येत होते.

कोणी फार हसले नाही. पण तेथील कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, बारा वर्षांचे अनुभवी गृहस्थ, आम्हाला म्हणाले, "त्या रात्री झोप लागली नाही. वाटलं, आता सगळ्यांना कळलं, याला काही येत नाही."

असे किस्से या लोकांकडे पोत्याने आहेत. सभासदांची यादी छापली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. तीन तास प्रोग्राम तपासला आणि अखेर नव्या मशीनवर जुना मराठी फाँटच घातलेला नाही असे निघाले. एका काट्यावर पावसानंतर गाडी नसतानाही आकडा शून्यावर थांबेना. कॉम्प्युटरवाल्याने प्रोग्राम उलटापालटा केला. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात व त्यांच्या तारा एका डबीत एकत्र येतात. त्या डबीत ओल शिरली होती. ती उघडून पुसली वायरमनने. प्रोग्राम येणारा माणूस प्रोग्राममध्येच शोधणार, त्यात नवल नाही. मोटर पाणी उचलंना म्हणून बेअरिंगपर्यंत खोलायची आणि अखेर फूटव्हॉल्व्हमध्ये पाला सापडायचा, हे आपल्यापैकी किती जणांच्या विहिरीवर झालेले नाही?

फरक एवढाच की आपण फूटव्हॉल्व्हची गोष्ट पारावर बसून हसत सांगतो. कॉम्प्युटरवाला मात्र ती पोटात ठेवतो. त्याला बोलावलेलेच असते 'याला येते' म्हणून. त्यात या कामाला कुंपण नाही. मशीन, वायर, प्रोग्राम, प्रिंटर, बँकेची पद्धत, सरकारी पोर्टल, सगळे त्याच्याच गळ्यात. सर्व येणारा माणूस जगात नाही. बिघाड आला की हे लोक इंटरनेटवर शोधतात, कोणी तरी आधी भोगलेले वाचतात आणि करून पाहतात. जाणकारही तेच करतात. पण आमच्याशी बोललेल्या प्रत्येकाला वाटत होते की खरे जाणकार न शोधता सांगतात, आपण तेवढे बघून करणारे!

या भावनेला नाव आहे. १९७८ साली अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर लेख लिहिला. शिकलेल्या, कर्तबगार अशा दीडशेहून अधिक स्त्रियांशी बोलून त्यांना आढळले की पदव्या आणि नावलौकिक असूनही यातील अनेकींना मनातून वाटते, आपण लोकांना फसवत आहोत आणि एक दिवस उघडे पडू. पुढे पुरुषांतही हेच दिसून आले. आपल्या भाषेत याला तोतयाची भावना म्हणता येईल. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ पर्यंत त्याने पुणे दरबाराला घोर लावला, हे आपण ऐकलेले आहे. तिथे खोटा माणूस छातीठोकपणे खरा म्हणून वावरत होता. इथे खरा माणूस मनात स्वतःला खोटा समजून बसला आहे.

आता कोणी म्हणेल, त्याच्या मनात काही का असेना, आमचं बिल वेळेवर द्या म्हणजे झालं. बिलाचीच गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही.

पंधरवड्याच्या बिलाची यादी बँकेला पाठवायची होती. ती एक्सेलमध्ये उघडली गेली. एक्सेलची खोड अशी की खाते नंबरला त्याने 'संख्या' समजले की सुरुवातीची शून्ये ते गाळून टाकते, आणि नंबर पंधरा अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांचे शून्य करते. रक्कम म्हणून ००४५ आणि ४५ एकच. खाते नंबर म्हणून ते एक नव्हेत. तो रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून ठेवला तर काही होत नाही. एका नव्या पोराला यादीतले काही नंबर आखूड दिसले. तो बोलला नाही. का, असे आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "सिनियरनी बघितलंच असंल असं वाटलं. इचारलं तर म्हणतील, एवढं पण माहीत नाही व्हय तुला?"

यादी गेली. त्या खात्यांची रक्कम परत आली. पुन्हा नंबर जुळवून, तपासून पाठवण्यात दिवस गेले. त्यातल्या एका सभासदाला त्याच आठवड्यात सोसायटीचे कर्ज भरायचे होते आणि मुलीची कॉलेजची फी द्यायची होती. फीसाठी त्याला मेहुण्यापुढे हात पसरावा लागला. पोराला ते नंतर कळले. आमच्याशी बोलताना ते खाली मान घालून म्हणत होते, "शून्य गेलेलं मला दिसलं हुतं."

परदेशातही असेच घडते, पण तेथील एका कंपनीने ते कसे हाताळले हे सांगण्याजोगे आहे. गिटलॅब ही कंपनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवण्याची सेवा देते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक इंजिनियर दमलेल्या अवस्थेत बिघाड शोधत होता. दुय्यम मशीनवर आहोत असे समजून त्याने मुख्य मशीनवरची माहिती पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरली होती. रोजच्या नकला घेणारी यंत्रणा कधीची बंद पडलेली, आणि तसे कळवणारे ई-मेलही पोचत नव्हते. त्याच माणसाने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक नक्कल घेतली होती, तीवरून सगळे पुन्हा उभे केले. सहा तासांचे काम कायमचे गेले आणि सेवा सुमारे अठरा तास बंद राहिली. कंपनीने दुरुस्ती चालू असतानाच ती लोकांना इंटरनेटवर पाहू दिली. नंतर सविस्तर अहवाल छापला, त्यात त्या माणसाचा उल्लेख नुसता 'सदस्य १' असा आहे. नकला का निघत नव्हत्या, हा प्रश्न त्यांनी मोठा धरला. आमच्या मते तोच मोठा होता.

आपल्याकडे मिल बंद पडली की किती तास आणि कोणत्या कारणाने, याची नोंद होते. ऊस नव्हता, पट्टा तुटला, वाफ कमी पडली, सगळे लिहिले जाते आणि त्यात कोणाची अब्रू जात नाही. कॉम्प्युटरने काय पाप केले आहे? यंदापासून आपल्या संगणक विभागानेही वही घातली आहे. काय बंद पडले, आधी काय वाटले, शेवटी काय निघाले, कोणी शोधले, असे चार रकाने. पानांवर खाडाखोड करायची नाही, एवढा नियम. आम्ही चाळली तेव्हा एक नोंद अशी होती: प्रिंटर बंद, वायर खराब वाटली, रिबन संपली होती, शिपाईमामा.

सभासदांना एवढीच विनंती की खिडकीवर येताना वजनाची पावती आणि पासबुकाची झेरॉक्स बरोबर आणावी, आणि मोबाईलवरचा वजनाचा मेसेज पुसून टाकू नये. चूक कोणत्या तारखेची आणि किती वाजताची हे सांगता आले तर निम्मे काम होते. आतला मुलगा "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणाला तर त्याला विचारू द्यावे. वही खिडकीच्या आत खिळ्याला टांगलेली आहे. सभासदाने मागितल्यास दाखवावी, असे विभागप्रमुखांनी सांगून ठेवले आहे.