जुनी आलिशान मोटार आणि बोरघाटाचा हिशेब

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर उभे राहिलात, तर मोटारींची न संपणारी रांग तुम्हांला दिसेल. त्या रांगेच्या कडेला कधी कधी एके काळची एखादी आलिशान मोटार बॉनेट उघडून उभी केलेली असते. रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि मालक चिंतातुर चेहऱ्याने शेजारी उभा असतो. ही दहा-बारा वर्षांची मोटार त्याने नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत घेतलेली असते. मग तिची देखभाल छोट्या मोटारीच्या खर्चात का भागत नाही? आणि हा खर्च आटोक्यात ठेवायचा तरी कसा? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातच आहेत.

अशा मोटारी आपल्या भागात आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मर्सिडीज-बेंझ मोटारींची जोडणी पुण्यात १९९५ साली सुरू झाली आणि २००९ साली त्यांचा कारखाना मावळच्या शेजारी चाकणला उभा राहिला. नव्या मोटारी जुन्या होतात, विकल्या जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येतात.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

प्रथम पैशांचा हिशेब पाहू. समजा, एका मोटारीची नवी किंमत ६० लाख रुपये आहे आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरते. गुणाकार करून पाहा. सव्वाचार वर्षांत किंमत निम्मी होते, पुढच्या सव्वाचार वर्षांत त्याच्याही निम्मी. किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्याचा नियम तो हाच. दहा वर्षांनी ही मोटार सुमारे १२ लाखांना मिळेल.

पण तिचे सुटे भाग मात्र ६० लाखांच्या मोटारीचेच राहतात. देखभालीला वर्षाला दीड लाख लागतात असे धरले, तर पहिल्या मालकाला तो मोटारीच्या किमतीचा अवघा अडीच टक्के भाग होता. नव्या मालकाला तोच खर्च किमतीच्या आठव्या हिश्श्याएवढा पडतो. शिवाय जुनेपणामुळे बदलावे लागणारे भागही वाढलेले असतात. म्हणून अशी मोटार घेणाऱ्याने खरेदीपूर्वीच जाणत्या मिस्त्रीकडून तिची तपासणी करून घ्यावी, देखभालीच्या जुन्या नोंदी मागाव्यात आणि दुरुस्तीसाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकावी.

घाट किती ऊर्जा मागतो?

आता बोरघाटाकडे वळू. या घाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता १८३० साली खुला झाला आणि द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. रस्ता कितीही सुधारला तरी लोणावळा आणि खोपोली यांच्या उंचीतला सुमारे ५५० मीटरचा फरक काही कमी झालेला नाही.

चार माणसे बसलेल्या आलिशान मोटारीचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम धरा. तिची स्थितिज ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराएवढी, म्हणजे २,००० × ९.८ × ५५०, अर्थात सुमारे १ कोटी ८ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे ३४ लिटर पाणी उकळीला येईल! छोट्या मोटारीच्या मानाने ही ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट आहे.

खाली उतरताना ही सारी ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. काही भाग हवेचा रोध आणि टायरांचे घर्षण घेतात. उरलेली कोण घेणार, ते चालकाच्या हाती असते. मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवली तर बराच भार इंजिन उचलते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये टाकली, तर सारा भार ब्रेकवर येतो. आणि पेट्रोल तरी वाचते का? आजच्या बहुतेक इंजिनांत, मोटार गिअरमध्ये असताना चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राखायला इंधन लागतेच. म्हणजे या काटकसरीत पेट्रोलही जाते आणि ब्रेकचे महागडे पॅड व डिस्कही झिजतात.

ब्रेक ऑइलमधले पाणी

ब्रेकच्या पेडलवर दिलेला दाब पास्कलच्या नियमानुसार ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच हे शक्य होते. पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. पावसाळ्यात ज्या लोणावळ्यावर ४०० सेंटिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथील दमट हवेत याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

'डॉट ४' प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले, तर असे ऑइल उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ मात्र दाबली जाते! पेडल तळाला टेकते आणि मोटार थांबत नाही. हे ऑइल साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलायचे असते. मोटारीच्या साऱ्या खर्चात हा खर्च अगदी किरकोळ आहे. पण तो टाळला, तर माणसांच्या प्राणांशी गाठ असते.

वाफ का निघते?

घाट चढताना प्रश्न उलटा असतो. इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतारूपाने बाहेर पडतो आणि रेडिएटरने तो हवेत सोडायचा असतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवते. हा दाब बाहेरच्यापेक्षा एक वातावरण अधिक असला, तर पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणूनच गरम इंजिनाचे हे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरला, की आतले पाणी क्षणात उसळते आणि माणूस गंभीर भाजतो.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबरी नळ्या कडक होतात आणि प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ होतात. एखादी नळी फुटली आणि मोटार तशीच दामटली, तर इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकते. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक बिडाच्या जवळजवळ दुप्पट असतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एक नळी वेळीच बदलणे आणि सारे इंजिन उघडणे, यांच्या खर्चात कित्येक पटींचे अंतर आहे. म्हणून तापमानाचा काटा चढू लागताच मोटार सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करणे, हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

आधी काय, मग काय?

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम लावावा. प्रथम ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग, कारण त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. नंतर इंजिनचे ऑइल, कूलंट, नळ्या आणि पट्टे, कारण त्यांच्यावर इंजिन अवलंबून असते. रेडिओ, आसनांचे चामडे, रंगाचे ओरखडे यांना सवडीने पाहावे. अनेक जण नेमके उलटे करतात. कारण ओरखडा डोळ्यांना दिसतो, ऑइलमधले पाणी दिसत नाही.

आता तुमच्यासाठी दोन कामे. घरच्या किंवा शेजारच्या मोटारीच्या टायरवर छापलेला चार आकडी क्रमांक शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. तो किती जुना आहे ते मालकाला सांगा. दुसरे काम म्हणजे, प्रवाशांसह १५,००० किलोग्रॅमची एस.टी. बस लोणावळ्याहून खोपोलीला उतरते, तेव्हा किती ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते, ते काढा. उत्तर आले, की घाटात बसचा चालक खालचा गिअर का टाकतो, हे वर्गातल्या इतरांना समजावून सांगा.